अप्पांनी चाखलेलं पाणी

अण्णा, मुडबीच्या स्टँडवर माझी ट्रंक बसच्या टपावर चढवून तू खाली उतरलास आणि शेताकडे निघून गेलास. मी खिडकीतून बघत होते. शेजारी अप्पा धोतर सावरत बसले होते. मला कॉलेज दाखवायला ते गुलबर्ग्याला निघाले होते. पसंत पडलं तर त्याच दिवशी वसतिगृहात ठेवून येणार होते.

अप्पांची पारख तुला माहीतच आहे. नव्या रानात मेंढरं बसवायची तर आधी तिथलं पाणी ते स्वतः पिऊन बघायचे. बसमध्ये मला म्हणाले, "पाणी बरं नसलं तर संगच वापस जाऊ."

कॉलेजची ती मोठी इमारत आणि घडाघडा कन्नड बोलणाऱ्या शहरी मुली बघून माझं अवसान गळालं. पाणी वाईट निघू दे, असं मी मनात म्हणत होते. अप्पांनी वसतिगृहाच्या नळाला ओंजळ लावली, सावकाश प्याले, तोंड पुसलं.

"गोड हाय. ऱ्हा बिनघोर."

ते गेल्यावर मी त्याच नळाचं पाणी प्याले. मचूळ, घशाखाली उतरेना. मेंढरांच्या बाबतीत कधी खोटं न बोललेला माणूस माझ्याशी खोटं बोलला, याचा राग मी कितीतरी वर्षं धरला. लग्न होऊन, नोकरी लागून गुलबर्ग्यातच स्थिरावल्यावर एकदा विचारलं. अप्पा म्हणाले, "तुला वापस नेलो असतो तर परत कोण सोडलं असतं?"

गेल्या महिन्यात तुझ्या भाचीला घेऊन म्हैसूरचं कॉलेज बघायला गेले. गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, ट्रंकेची ट्रॉली बॅग झाली, पण पोरीचा चेहरा त्या दिवशीचा माझाच होता. लॅब, लायब्ररी, हॉस्टेल सगळं बघून झालं. मी कूलरचं पाणी ग्लासात घेतलं, तशी ती जवळ आली. आजोबांची गोष्ट तिला तोंडपाठ आहे.

"मम्मी, कसं हाय? तू न्हाई म्हणलीस तर मी कलबुर्गीतच घेते अ‍ॅडमिशन."

पाणी खरंच चांगलं होतं, अण्णा. आणि माझ्या तोंडात 'मचूळ' हा शब्द तयार होता. एका शब्दात पोरगी घरी राहिली असती. अप्पांना त्या दिवशी ती ओंजळ किती जड गेली असेल, ते मला तिथं कळलं.

"गोड हाय," मी म्हणाले. "ऱ्हा बिनघोर."

मला कुणी गाव विचारलं तर मी आजही मुडबी सांगते. ती मात्र तिकडे कलबुर्गी सांगत असेल. सुट्टीला येईल तेव्हा आधी माठाकडे धावेल. ज्या गावाचं पाणी मला गिळवत नव्हतं, त्याच गावात आता मी तिच्यासाठी माठ भरून ठेवते.