जप करणारा मासा

मी मासे खात नाही. लोक समजतात, माळकरी असतील. मीही समजू देतो. न बोलण्याची सवय जुनी आहे. खरं कारण मानवत गावातल्या एका घराच्या बैठकीत, काचेच्या टाकीत होतं.

तेव्हा मी तिथल्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवत होतो. आम्ही दोघं होतो, दोघंही तात्पुरते. वर्षअखेरीला एकालाच कायम करणार, हे लागतानाच सांगितलेलं. मी ताडकळसकडचा, शेतकरी घरातला. दुसरा पूर्णेचा, वडील रेल्वेत, घर बौद्ध. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट नि एक टेबल. त्याच टेबलावर आमचे डबे उघडायचे. तो माझ्यापेक्षा चांगला शिकवायचा. पोरं त्याच्या तासाला खिदळायची आणि उत्तरंही त्यांनाच यायची. हे मी कधी कुणाजवळ बोललो नाही. नामांतराची वर्षं होती. हॉटेलात, एस.टी.त, कोण विद्यापीठाचं नाव कसं घेतो यावरून माणसं त्याची जात ओळखायची. आम्ही दोघं तो विषयच काढत नसू.

शाळेच्या अध्यक्षांनी हैदराबादहून मासे पाळायची टाकी आणली होती. विजेवर चालणारा छोटा पंप, त्याचे बुडबुडे, आणि तळहाताएवढा एक सोनेरी मासा. अध्यक्षांच्या आईला त्याचा लळा लागला. म्हातारी त्याला तुपात मळलेल्या कणकेच्या गोळ्या घालायची, एकादशीला पेढ्याचा चुरा. मासा खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं तळाला जाऊन फुगायचं, कुजायचं. पाणी पिठाळ झालं. वर गार वरणावर धरते तशी तुपाची साय धरली. मग मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन उभा राहायला लागला. शेपूट खाली, तोंड पाण्याबाहेर. तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं.

म्हातारी म्हणाली, मासा नाव घ्यायलाय.

पंपाच्या बुडबुड्यांनी त्याचा जप मोडतो म्हणून पंप बंद केला. त्यावर तर मासा वरून हलेचना. गल्लीतल्या बायका यायला लागल्या. टाकीवर हळदकुंकू चढलं. फुलपात्रातून टाकीतलं पाणी तीर्थ म्हणून मिळायला लागलं.

एका रविवारी अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. बैठक माणसांनी भरलेली. आत पाऊल टाकलं आणि वास नाकात शिरला. आंबलेलं पीठ, खवट तूप, आणि खाली काहीतरी मेल्यासारखं. वर उदबत्त्या. मला एका नजरेत कळलं होतं. मासा गुदमरत होता. एवढं कळायला बी.एस्सी.सुद्धा लागत नाही.

"बोला सर," अध्यक्ष हसत म्हणाले, "तुमचं सायन्स काय म्हनायलंय?"

मी खाली बघितलं. तो बोलला. "साहेब, याला हवा मिळेना. पाणी सडलंय. पंप लावा आणि पाणी बदला, नाहीतर दोन दिवसांत जाईल."

"अगं बाई," म्हातारी म्हणाली, "जित्या जिवाला मरनाचं बोलायलाय!"

त्यानं वाद घातला नाही. सरळ जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं. पंप घरघरला, बुडबुडे निघाले. सगळे बघत राहिले. थोड्या वेळानं मासा तोंड मिटून हळूहळू खाली गेला, आणि माशानं पोहावं तसा पोहायला लागला.

मला वाटलं, झालं. आता डोळ्यानं दिसलं सगळ्यांना.

"बंद पाडला! जप बंद पाडला ह्यानं!" म्हातारी ओरडली. कुणीतरी धावत जाऊन पंप बंद केला. पुन्हा सगळे बघत राहिले. मासा वर आला. तोंड उघडलं, मिटलं. बायकांनी हात जोडले.

"बगा, परत धरला जप."

मागून एकजण म्हणाला, "ह्यान्ला समद्याचंच नामांतर करायचं हाय. आता माशाचं बी करा म्हनावं." बैठक हसली. त्या हसण्यात मीही होतो. मोठ्यानं नव्हे, पण होतो.

म्हातारीनं फुलपात्र भरलं. त्याच्या हातावर वरून, हात लांब ठेवून ओतायला गेली. त्यानं हात मागे घेतला. "आजी, मासा ज्यात जगेना ते पाणी मी कसं पिऊ?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुमी सांगा सर. तुमी आपल्या घरचे."

आपल्या घरचे. तेवढ्यात मला सगळं समजलं, कायम कोण होणार तेही. मी म्हणालो, "काही गोष्टी सायन्सच्या पलीकडच्या असतात, साहेब." आणि ओंजळ पुढे केली.

पाणी कोमट होतं. तुपाचा तवंग ओठाला चिकटला, कणकेचा एक मऊ गोळा जिभेवर आला. मी गिळला. ओला हात डोक्यावरून फिरवला. म्हातारीनं विचारलं, "अजून देऊ?" मी पुन्हा ओंजळ केली. तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, एखादं काम बिघडलेलं बघावं तसा.

तिसऱ्या दिवशी मासा मेला. घरभर एकच बोलणं, त्यानं बटणाला हात लावला म्हणून. मी तिथंच उभा होतो. चकार शब्द काढला नाही. टाकीतून मासा काढायचं काम माझ्याकडे आलं, मी आता त्यातला माहीतगार. कोपरापर्यंत हात त्या लगद्यात घातला. अंगावरचा सोनेरी रंग बुळबुळीत होऊन बोटांना लागत होता. कल्ल्यांत कणीक ठासलेली. मी तो जरीच्या खणात गुंडाळून दिला. घरच्यांनी तो परसात तुळशीजवळ पुरला. घरी येऊन मी मोरीत ओकलो, राखेनं हात घासले, पुन्हा ओकलो. बायकोनं विचारलं तर ऊन लागलं म्हणून सांगितलं.

वर्षअखेरीला मला कायम केलं.

त्याला सोडायला मी स्टँडवर गेलो. का गेलो कोण जाणे. पूर्णेची गाडी लागलेली होती. ट्रंक टपावर चढवून तो खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "सर, एकच विचारतो. राग मानू नका. तुम्हाला कळलं होतं ना?"

"काय?"

"मासा गुदमरायलाय ते."

आजूबाजूला आमचं ऐकणारं कुणी नव्हतं. नोकरी पक्की झाली होती, ती आता कुणी काढून घेणार नव्हतं. एवढं एक वाक्य त्याला देता आलं असतं.

"खरं सांगू का," मी म्हणालो, "मला नाही वाटलं तसं."

"बरं," तो म्हणाला, आणि गाडीत जाऊन पलीकडच्या खिडकीला बसला.

कळलं होतं. आत पाऊल टाकताक्षणी कळलं होतं. त्या सडक्या पाण्याची किळस येते, पण ते निदान पोटातून निघून गेलं. स्टँडवरचं ते वाक्य मी निवृत्तीला आलो तरी माझ्या पोटात तसंच आहे.