पखवाज वेगळा काढला तेव्हा

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला भजनी मंडळातल्या बायका शिनोलीत घरी यायच्या होत्या. लेकीच्या मनात आलं, त्या वेळी आईनं गायलेला एखादा अभंग लावावा. तिच्या मोबाइलात देवळातलं एक जुनं रेकॉर्डिंग होतं, पण त्यात टाळांचा दणका एवढा, की गाणारी ऐकूच येईना.

जावई घोडेगावात लग्नाची, जत्रेची गाणी करून देतात. एक खोली, कंप्युटर, दोन स्पीकर. ते म्हणाले, "मामा, सॉफ्टवेअरला नवीन अपडेट आलंय. आता एका गाण्यातनं गळा वेगळा, पखवाज वेगळा, टाळ वेगळे निघत्यात. सकाळी या."

गेलो. खरं सांगतो, मला ते रेकॉर्डिंग नको होतं. ते रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी देवळात काय घडलं ते मला ठाऊक होतं. मी मंडळाचा पखवाजी, ती पुढं बसून गायची. अभंग संपला तसा मी सगळ्या बायकांपुढं बोललो, "तुला ताल न्हाई. रेंगाळती नुसती. उद्यापासनं मागं बस आन टाळ कुट." ती हसली. दुसऱ्या दिवशी मागं बसली ती मरेपर्यंत पुढं आली नाही. बायका ओढायच्या, तर म्हणायची, "ह्यांना चालत न्हाई." मी ऐकायचो आणि गप्प राहायचो. माझं बरोबर आहे असंच मला वाटायचं.

जावयांनी बटण दाबलं. पडद्यावर एका गाण्याच्या तीन पट्ट्या झाल्या. एका पट्टीत ती एकटी. आजारपणाच्या आधीचा आवाज, मोकळा. मी टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढ्यावर उठून आलो असतो तरी चाललं असतं. पण माझी खोड.

"ताल बघता येतो का ह्यात?"

"येतो की. तेबी नवीनच आलंय. गाण्याची लय मशीनच वळखतं आन रेघा मारतं."

"मग बघा की, तुमच्या सासूबाई कुठं रेंगाळत्यात."

वर्ष होत आलं होतं तिला जाऊन, आणि मी हे बोललो.

जावयांनी गाण्यासोबत तालाची टिकटिक लावली. मागं घेतलं, पुन्हा लावलं. "चहा सांगू का, मामा?"

"चहा मागनं. कुठं सोडती?"

"मामी न्हाई सोडत. पखवाज पळतोय."

"तुमच्या मशिनीला काय कळतंय? जन्म गेला माझा वाजवण्यात."

"तुमीच ऐका मग."

ऐकलं. ओळ सुरू होताना माझा हात बरोबर, मग घराकडं निघालेल्या बैलासारखा पुढं पुढं. दर ओळीला. नंतर तिचा आवाज टिकटिकीवर लावला. सुतात होता. फक्त ओळीच्या शेवटी अर्धा शब्द गिळायची. मी विचारलं, असं का? जावई म्हणाले, "तुमी आधीच समेवर पोचलेलं असायचा. तुमाला गाठायला शब्द तोडायच्या त्या."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "एक बटण दाबलं की पखवाज रेघांवर बसतो. कुणाला कळायचं न्हाई."

"बसवा," मी म्हणालो. लगेच म्हणालो. मला लाज वाटते ती याचीच जास्त.

बसवला. पुन्हा दोन्ही एकत्र लावलं. पखवाज घड्याळासारखा चालला, आणि ती दर ओळीच्या शेवटाला घाई करून चुकायला लागली. माझी चूक पुसली, ती तिच्या पदरात पडली. जावई म्हणाले, "त्यांचाबी आवाज ओढून बसवतो, थांबा."

"तिला हात लावू नका!" मी ओरडलोच. "माझं व्हतं तसं करा. पळू द्या मला."

वर्षश्राद्धाला तसंच लावलं, फक्त टाळ बारीक केले. अभंग संपला. मीच उठलो आणि म्हणालो, "ताल मी सोडत व्हतो. ती सांभाळून घेत व्हती. मशिनीनं दाखवलं."

पेटी वाजवणारी तिची मैत्रीण पटकन बोलली, "मशीन कशाला पायजे, भावजी? आमाला तवाच कळलं व्हतं. त्या दिवशी देवळाच्या पायरीवर चपला घालताना तीच म्हणाली, कुणी बोलू नका गं, त्यांचा हात बंद पडंल."

म्हणजे एवढी वर्षं मी वाजवत होतो आणि सगळ्या जणी जाणून होत्या. खाली मान घालून उभा राहिलो. दारात लेक पानं वाढायला उभी होती. ती सासरी असायची, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"आई मला म्हणायची, दम लागतो म्हणून मागं बसते," ती म्हणाली.