खिडकीजवळची खुर्ची

मास्तरने स्वतःची खुर्ची विकली आणि दुसऱ्याच्या खुर्चीसाठी परदेश गाठला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. खुर्ची वडिलांच्या वेळची होती, बिडाची, डोकं टेकायला मागे कातडी उशी असलेली. तिच्यावर बसून मास्तरकडून केस कापून घ्यायला लोक सकाळपासून बाकावर ताटकळत. पण ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं, परदेशात सलून होतं. दाजी सुट्टीवर आले की याच खुर्चीत रेलून म्हणायचे, "असा हात इथे कुजतोय. माझ्याकडची खिडकीजवळची खुर्ची तुझीच समज." मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि थेट तिकडेच जाऊन उतरला.

पोचल्यावर दाजींनी त्याच्या हातात राखाडी ॲप्रन ठेवला. काळा ॲप्रन कारागिरांचा, राखाडी केर काढणाऱ्याचा. आधी भाषा येऊ दे, इथली रीत कळू दे, मग खुर्ची आहेच, असं त्यांनी गोड शब्दांत समजावलं. गोड बोलण्यात दाजींचा हात धरणारा अजून जन्मायचाय. राहायला सलूनमागची कोठी मिळाली. तिथे कपडे धुण्याचं मशीन, टॉवेलांची मांडणी आणि उरलेल्या जागेत एक घडीची खाट होती. ताईच्या घरी एक खोली रिकामी होती, पण सलून उघडायला माणूस जागेवरच असलेला बरा, असं दाजींचं मत पडलं. ताईचं मत कुणी विचारलं नाही.

मास्तर शिकला. बसमध्ये कुणाच्या शेजारी बसायचं नाही, जागा रिकामी असेल तर लांब बसायचं, हे शिकला. जिन्यात भेटलेल्या म्हातारीला तब्येत विचारली तर ती घाबरते, हेही शिकला. काम करताना गुणगुणायची सवय होती, ती दाजींनी एकदा नुसतं बघितल्यावर सुटली. भाषा मात्र तो खालून शिकला, गिऱ्हाइकांच्या पायाशी केस झाडता झाडता. वर आरशासमोर काय बोलतात ते कानात साठवायचा आणि कोठीत टॉवेलांच्या घड्या घालताना स्वतःशी म्हणून बघायचा.

आई फोनवर एकच विचारायची, "खुर्ची मिळाली का रे?" आधी तो 'होईल आता' म्हणायचा. मग एकदा त्याच्या तोंडून 'मिळाली' असं निघून गेलं. आईने फोटो मागितला. सलून बंद झाल्यावर त्याने खुंटीवरचा कुणाचा तरी काळा ॲप्रन चढवला, शाम्पूच्या बाटलीला फोन टेकवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीमागे कात्री धरून उभा राहिला. आईने तो फोटो सगळ्या गल्लीला दाखवला. तेव्हापासून खुर्ची ही नुसती हौस राहिली नाही. आईशी बोललेलं खोटं त्याला खरं करायचं होतं आणि त्यासाठी जीव टांगणीला लागला होता.

आणि एके दिवशी दाजी म्हणाले, "आज खिडकीजवळ उभा राहा. बिचकू नकोस. तिकडे करायचास अगदी तसंच कर."

पहिलं गिऱ्हाईक जाडजूड मानेचं होतं. त्याने चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले. मास्तरने असे केस कापले की शेजारचे कारागीर वळून बघायला लागले. पण तिकडे, त्याच्या जुन्या दुकानात, केस कापून काम संपत नसे. कानशिलं दाबायची, टाळूवर दोन चापट्या, मग हनुवटी धरून मान आधी डावीकडे कट्‌, मग उजवीकडे कट्‌. ते कुणी मागत नसे, कुणी सांगत नसे, आणि ते केल्याशिवाय कुणी उठतही नसे. हात आपोआप हनुवटीकडे गेले.

गिऱ्हाईक केवढ्यांदा ओरडलं. गळ्याभोवतीचं कापड तसंच घेऊन ते मान धरून दारापर्यंत गेलं. दाजींनी माफी मागत त्याला बाहेर सोडलं, परत आले आणि न रागावता राखाडी ॲप्रन पुढे केला. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दाजींचा चुलतभाऊ विमानतळावरून थेट सलूनमध्ये आला. त्याच्यासाठी काळा ॲप्रन तयार होता आणि खिशावर त्याचं नाव भरलेलं होतं. असलं भरतकाम एका रात्रीत होत नाही, एवढं मास्तरलाही कळत होतं.

त्याने ताईला फोन केला. तिकडे करायचो तसंच कर असं दाजींनीच सांगितलं होतं, असं म्हणाला.

ताई म्हणाली, "तू जरा जुळवून घे. मला यांच्याबरोबर राहायचंय."

काही आठवड्यांनी ते जाड मानेचं गिऱ्हाईक परत आलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलं आणि बोलायला लागलं. दोन दिवस मान ठणकली, मग अशी मोकळी झाली की कितीतरी वर्षांनी मागे वळून बघता आलं. तो माणूस कुठे आहे? मला तोच हवा. मास्तरच्या हातातला झाडू थांबला. परक्या भाषेतलं एवढं लांब बोलणं त्याला पहिल्यांदाच अख्खं कळलं होतं. उत्तरही जुळवून तयार होतं, दोनच शब्दांचं.

"तो गेला त्याच्या देशात," दाजी आरशात हसत म्हणाले. "पण ही कला आमच्या घरातलीच आहे. माझा भाऊ करेल." आणि मग मराठीत, हसू तसंच ठेवून, "उभा काय राहिलास? केर भर."

मास्तर वाकला. गिऱ्हाइकाने खाली न बघता दोन्ही पाय उचलले. केस कापून झाल्यावर चुलतभावाने हनुवटी धरली खरी, पण पुढे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने आरशातून मास्तरकडे बघितलं. अडाण्याच्या हातात ती मान मोडली असती. मास्तरने खालूनच त्याला दाखवलं, आधी डावीकडे, हलक्या हाताने.

संध्याकाळी आईने नवा फोटो मागितला. सगळे गेल्यावर मास्तरने खुंटीवरचा काळा ॲप्रन घातला. तो कमरेला सैल होत होता. त्याने गाठ मागे आवळून बांधली, खिशावरच्या नावावर हात ठेवला आणि फोनकडे बघून हसला.