मोजणीच्या कुरणावर मेंढरं

नव्वदच्या दशकात नगरजवळच्या एका संशोधन केंद्रात मी तांत्रिक सहायक होते. गवताळ जमीन वर्षभरात हवेतून किती कार्बन घेते आणि किती परत सोडते, याचा अंदाज काढायचं काम चाललं होतं. तीन शास्त्रज्ञांची संगणकावर गणित करणारी तीन मॉडेलं होती आणि तिन्हींची उत्तरं वेगळी. एक म्हणे कुरण कार्बन साठवतं, दुसरं म्हणे बरोबरीत सुटतं, तिसरं म्हणे सोडतंच जास्त. आमच्यातल्या सर्वांत तरुण संशोधिकेने तिघांचं मिळून एक उत्तर काढायला घेतलं. ज्याचा अंदाज प्रत्यक्ष मोजणीच्या जवळ, त्याला जास्त वजन. तिचा हा पहिलाच निबंध. मोजणी हाती येईल त्याच दिवशी पाचपर्यंत आकडा आयोजकांना फॅक्सने गेला नाही, तर परिसंवादातली जागा जाणार होती.

मोजणी माझ्याकडे. शेतावरच्या माणसांनी पत्र्याचे डबे मातीवर उपडे घालायचे, आत वायू शोषणारं द्रावण ठेवायचं, चोवीस तासांनी ते केंद्रात आणायचं आणि मी तपासायचं. आकडे आले आणि आजवर एकदाही जवळपास न फिरकलेलं तिसरं मॉडेल पहिलं आलं. त्याचे मालक, आमचे मातीवाले सर, यांनी सगळ्यांसाठी भेळ मागवली. बाकीच्या दोघांनी ती तोंड पाडून, पण संपवली.

मला आकडा खटकला. उन्हाळ्यात कोरडी माती एवढा वायू सोडत नाही; त्याला ओल आणि खत लागतं. लुना काढली आणि दोनला कुरणावर पोचले. डब्यांभोवती लेंड्यांचा सडा होता. शेतावरचे मुकादम समाधानाने उभे होते.

"मामा, इथं मेंढरं बसली होती?"

"व्हय ताई, डबे घालायच्या आदी चार रात्री. मोजनी हाय म्हनलं, जमीन जरा सुधरावी. धनगराला पोतंभर ज्वारी दिली. आमाला वाटलं, तुमचे आकडे चांगले येतील."

आले होतेच.

परत येऊन सांगितलं. मातीवाले सर शांतपणे म्हणाले, "मेंढ्या काय परिसंस्थेच्या बाहेरून येतात?" बाकी दोघांना एकदम भूक लागली. संशोधिका मात्र रडवेली झाली. मी कागद ओढून लिहिलं: एक, फेरमोजणी, वेळ नाही. दोन, गप्प बसणे, नाही. तीन, मोजणी वगळून तिघांना सारखं वजन. तिने तिसऱ्यावर खूण केली, उत्तराभोवती चुकीची ऐसपैस मर्यादा लिहिली आणि खाली खरं कारण: मोजणीच्या जागी मेंढ्या बसवल्या होत्या. सावेडीतल्या एसटीडी बूथवरून पाचला पाच कमी असताना कागद फॅक्सने गेला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जागा मिळाली होती, वर प्रत्यक्ष मोजणी कधी बाद करावी यावर बोलायला दहा मिनिटं जास्त. मातीवाले सर तिच्याबरोबर गेले आणि त्या दहांतली सहा मिनिटं मेंढ्यांच्या बाजूने बोलले.