राजूरजवळ नॉर्वेजियन मासा तळताना

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी आणि वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, पडवीत तांदूळ निवडत बसायचो. मी कॉन्व्हेंटमधली गाणी गुणगुणायचे आणि त्या सूप पाखडताना चुकीच्या जागी "व्हय व्हय" म्हणून साथ द्यायच्या. त्याच वन्संचा गेल्या आठवड्यात फोन आला. "वहिनी, या. नातीची भाषा शिकवा मला."

त्यांची मुलगी नीला नॉर्वेत असते, नवरा तिथलाच. पाच वर्षांची ईडा मोबाईलवर आजी दिसली की पळून जाते. रविवारी तिने घटकाभर तरी थांबावं, एवढंच वन्संना हवं होतं. मी त्या भाषेचे चार धडे गिरवलेत, म्हणून मी पंडित!

कोपरगावहून एसटीने संगमनेर, मग अकोले. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकता आला पाहिजे. अकोल्यात मिसळ खाऊन घ्या, वन्संच्या गावाकडे जाणारी राजूरची जीप भरल्याशिवाय हलत नाही. भरली असं मला वाटलं, तेव्हा आणखी एक अख्खं कुटुंब आत शिरलं.

नीलाने पाठवलेलं वाक्य ईडाच्या घरच्या रविवारच्या स्वयंपाकातलं होतं: नो स्तेकर याय फिस्कन ई स्म्यर. मी फोड केली. आता, तळते, मी, तो मासा, मध्ये, लोणी.

"तळते मधीच?" वन्संनी विचारलं.

"क्रियापद कायम दुसऱ्या जागी."

"आनि पुरुष तळत असंल तर?"

"तरी स्तेकरच."

"मग बाई का बुवा, कळायचं कसं?"

माझं डोकं तापलं. पण खरी अडचण पुढेच होती.

"माशाला लोनी? कोड फुटंल की पोरीला!"

"वन्सं, नुसतं म्हणायचंय!"

"न तळता तळते म्हनू? पोरीशी खोटं बोलू?"

मग काय, रविवारी सकाळी पुन्हा जीप, भंडारदऱ्याच्या काठावरून मासे, आणि परत. (धरण बघायचं राहिलंच. तुम्ही बघा.) लोण्याच्या जागी मी त्यांना ओल्ये, म्हणजे तेल, हा शब्द दिला.

संध्याकाळी फोन लागला. ईडा पाठ फिरवणार, एवढ्यात वन्सं तव्यासमोरून ओरडल्या, "नो स्तेकर याय फिस्कन ई ओल्ये!"

पोर गर्रकन वळली. "नाई, बेस्तेमूर! स्म्यर!" नाई म्हणजे नाही, बेस्तेमूर म्हणजे आजी.

"न्हाई बया. ओल्ये!"

"स्म्यर!"

ईडा स्टूल ओढत फोनपाशी आली, लोण्याचा डबा घेऊन आली. वन्संनी तेलाची बाटली नाचवली. नीला मागे हसून हसून खाली बसली. मी जीव तोडून शिकवलेलं व्याकरण कुठच्या कुठे गेलं, मासा करपला, तो उलटायला मीच. भांडण मात्र फोनची बॅटरी संपेपर्यंत चाललं.

घरी आल्यापासून पाठ धरली आहे. चिडचिड अजून पुरती उतरलेली नाही, पण ते "न्हाई बया" आठवलं की एकटीच हसते.

नीला, तू हे वाचतेस म्हणून इथेच लिहिते. कुरिअर निघालं आहे. नागलीचे पापड तुला. काळा मसाला जावईबापूंना, चिमूटभरच घाला म्हणावं. छोटा बिडाचा तवा ईडाला, तिच्याच हातात द्यायचा. त्यावर लोणी घातलं तरी चालेल, असं तुझी आई म्हणाली. मासा नसेल त्या दिवशी.