पटाच्या बैलांसाठी मागितलेला रंग

"ही पाहा. मत टाकून आली, आनखी पाहिजे हिले."

पाटलाच्या पुतण्यानं माझा डावा हात मनगटाला धरून वर केला आणि माझं बोट शाळेच्या व्हरांड्यातल्या अख्ख्या रांगेला दाखवलं. बाजारात कोंबडी उचलून दाखवतात तसं. रांग हसली. बंदोबस्ताचा शिपाईसुद्धा हसला. टेबलामागचे साहेब म्हणजे चंद्रपूरहून ड्युटीवर आलेले मास्तर. त्यांनी चष्मा सारखा केला, माझ्या नखाकडे बघितलं.

"बाई, बोटाला शाई आहे. मत देता येणार नाही. बाजूला व्हा."

"साहेब, मी पेंटर आहे. रंग आहे तो."

"हिचा रंग आमाले ठाऊक आहे," पुतण्या म्हणाला. पुन्हा हशा. या हशाचा अर्थ आमच्या बौद्ध वस्तीतल्या पोरालाही समजावून सांगावा लागत नाही.

हा तमाशा कळायला आदला दिवस बघावा लागेल.

माझा बाप चंद्रपुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तो अक्षरांच्या कडा काढायचा, मी पोटं भरायची. लग्न होऊन चामोर्शीकडच्या गावात आले ती ब्रश घेऊनच. नवरा धानाच्या बांधीत, मी भिंतींवर. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याला पाट्यांची भारी भूक. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. पाटलाच्या पॅनेलचं विमान मीच काढलं. आमच्या वस्तीतून उभ्या राहिलेल्या यमुनाबाई दाईची छत्रीही मीच काढली. वस्तीतून बाई उभी राहण्याची ती पहिलीच वेळ. खरं सांगते, विमान जास्त चांगलं झालं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळीच पुतण्या दारात. शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, दिवस होते, आणि पटाच्या बैलाचे लाड आमच्याकडे जावयापेक्षा जास्त.

"शिंगं रंगवाची आहेत, बाई. काळा नको, निळा नको. दोघायच्या मधातला पाहिजे. अन् लवकर वाळला पाहिजे."

मी तीनदा रंग जमवला. रंग हवा तसा उतरला की नाही हे मी नखावर लावून बघते, बापाची सवय. तिसऱ्यांदा डाव्या तर्जनीच्या नखावर तो बरोबर बसला. पुतण्यानं मान डोलावली. "तुया हाताले तोड नाई." मी फुगले. पाटलाच्या घरच्या माणसानं नावाजलं म्हणून दिवसभर गुणगुणत होते. रांगेपुढं हात वर धरला गेला त्याहून मला आज या गुणगुणण्याची लाज जास्त वाटते.

तर, साहेबांनी हाकललं आणि मी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले. वळून बघितलं. रांगेत आमच्या वस्तीतले पुरुष होते. बाई एकही नव्हती.

वस्तीत कौसाबाई दारात बसून तांदूळ पाखडत होती. सत्तरीची म्हातारी, यमुनाबाईच्या प्रचारात सगळ्यांच्या पुढं.

"मावशी, मताले नाई गेली?"

"काल झालं न मत. सरकारनं यंदा बायाइची घरीच सोय केली म्हने. तू कामावर गेलती अन् यमुनी बाळंतपनाले, तवा पाटलाचा पुतन्या आलता वही घेऊन. कोनाले टाकतं म्हनून इचारलं, म्या यमुनीचं नाव सांगतलं. त्यानं लिवलं अन् शाई लावली." तिनं बोट पुढं केलं. "हे पाह्य."

आपलं अक्षर ओळखावं तसा मी तो रंग ओळखला.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण मी सांगितलं. कौसाबाईनं सूप खाली ठेवलं.

"तुया डब्यातला रंग?"

"पटाच्या बैलासाठी म्हणून नेला, मावशी."

"मंग बराबर जागी लावला," ती म्हणाली. "बैलच समजते तो आमाले."

सरकारी शाई रॉकेलनं हलत नाही. माझा ऑइलपेंट निघतो. मी रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन घराघरांत शिरले. बाया शिव्या देत होत्या, मी बोटं घासत होते. सात बाया सापडल्या. अकरा जणी सकाळीच जंगलात सरपणाला गेल्या होत्या. मत झालंय म्हटल्यावर दिवस कशाला बुडवायचा? नाल्यापलीकडे जाऊन हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही.

आम्ही आठ जणी शाळेत पोचलो. पुतण्या पॅनेलचा एजंट म्हणून आत खुर्चीवर होता.

"साहेब, यायनं शाई पुसली. रॉकेलचा वास येऊन राह्यला."

मी विचारलं, "साहेब, तुमची शाई रॉकेलनं निघते?"

"नाही निघत."

पुतण्यानं सकाळीच मत टाकलं होतं. मी त्याचा हात धरला. त्याला जगात आणताना यमुनाबाईनं धरलं होतं. त्यानंतर आमच्या वस्तीतल्या बाईनं आपणहून त्याला हात लावला तो आजच. बोटावर रॉकेल ओतलं आणि चिंधीनं खसाखसा घासलं. मग चिंधी झटकून रांगेला दाखवली, गारुड्यासारखी. कोरी. त्याच्या बोटावरची शाई जागच्या जागी. या वेळी रांग हसली नाही.

साहेबांनी यादी ओढली, आमची नावं शोधली. "यांच्या नावापुढं खूण नाही. येऊ द्या."

एवढंच. सकाळी मी एकटी उभी होते तेव्हाही ती यादी त्यांच्या पुढ्यातच होती.

आठ शिक्के पडले. यमुनाबाई सहा मतांनी पडली. अकरा जणी डोक्यावर मोळ्या घेऊन परतल्या तेव्हा पेट्यांना सील लागलं होतं. अकरातून सहा वजा करून बघा. मी रोज करते.

पुतण्याला काही झालं नाही. साहेब पेट्या घेऊन गेले. गावातल्या भिंती मला बंद झाल्या. आणि कौसाबाई म्हणाली, "तू खराब पेंटर असती त बरं झालं असतं."

तेव्हापासून कुठंही निवडणूक लागली की मी डबे घेऊन निघते. वस्तीतल्या बाया गोळा करते. त्यांच्यासमोर तोच रंग कालवते, बोटांवर लावते आणि पहिलं वाक्य सांगते: हा रंग मी केला होता. मग पुसून दाखवते. खरी शाई फक्त केंद्रात. घरी कुणी वही घेऊन आला तर मूठ मिटा आणि ओरडा. दोन गावांतून मला हाकललं. दुसऱ्या वाटेनं परत शिरले.

कौसाबाई जिवंत होती तोवर सोबत यायची. माफ केलं म्हणून नाही. मी सांगताना काही गाळते का, ते ऐकायला पुढं बसायची. आता ती नाही. मी काही गाळत नाही. पुतण्याचं नाही, साहेबांचं नाही. माझं तर नाहीच.