तांब्याची डबी आणि पुण्यातला एक आठवडा

बाबांनी ऑफिसात पेढे वाटले तेव्हा माझी निवड झालेलीच नव्हती. पुण्यातल्या एका संस्थेने क्वांटम प्रयोगशाळेतल्या वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी माझ्यासह तिघांना आठवड्याच्या चाचणीला बोलावलं होतं, आणि जागा एकच होती. हे मी बाबांना दोनदा सांगितलं. "बोलावलं म्हंजे घेतलंच समज," ते म्हणाले. वर्ध्यातल्या बी.एस्सी. झालेल्या मुलीला पुण्याहून फोन येतो, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

मुक्काम मावसबहीण स्नेहाकडे, हडपसरला. संस्था पाषाणला, म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. अशाच कामाला येणार असाल तर नातेवाइकांच्या आग्रहाला बळी पडू नका, संस्थेजवळ कॉट बेसिसवर, खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहा. मला स्वारगेटला बस बदलावी लागे. दीड तास धरून चाला, वाटेत अडकलात तर दोन. दिवसभराचा पास पहिल्याच बसमध्ये काढून टाका. सोमवारी स्वारगेटला मी कंडक्टरला विचारलं, "ही पाषाणला जाते ना?"

"बस जाते," ते तिकिटाच्या मशीनमधून मान वर न करता म्हणाले. "आपण चढलात तर आपणही जाल."

चढले.

गेली तीन वर्षं मी यासाठी वाचत होते. गणित, ऑनलाइन कोर्स, त्यांच्या प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल. प्रयोगशाळेच्या सरांनी ती उघडलीसुद्धा नाही. त्यांनी छताला टांगलेलं एक यंत्र दाखवलं, ज्यात क्वांटम चिप अवकाशापेक्षाही थंड करतात. मग तिघांना एकच काम दिलं: नखाएवढी चौकोनी चिप बसेल अशा तांब्याच्या डबीचं ड्रॉइंग काढायचं आणि हडपसरच्या वर्कशॉपमधून ती करून आणायची. शुक्रवारी तीन वाजता डबी आत ठेवून यंत्र बंद होणार, ते पुढचे तीन आठवडे उघडणार नाही.

"सव्वातीनला आणलीत तर लिंबाचं लोणचं ठेवायला वापरा," सर म्हणाले.

दोन दिवस खपून मी ड्रॉइंग काढलं. आत चिपएवढी चौकोनी खाच, चारही कोपरे रेखीव. स्वतःवरच खूश होते मी. बुधवारी दुपारी हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत पोचले. वर्कशॉप भानुदासकाकांचं, वय साठीच्या पुढे, चष्मा कपाळावर. त्यांनी कागद उजेडात धरला.

"हा आतला कोपरा कुणी कापायचा?"

"म्हणजे?"

त्यांनी मशीनचं कटर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "गोल हाय ना? फिरतंय बी गोलच. मग आतला कोपरा काटकोनात येणार कसा?"

मी कटरकडे बघतच राहिले. इतकी साधी गोष्ट, आणि तीन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चारी कोपऱ्यांत एकेक बारकं भोक पाडू, म्हंजे चिप बसल," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "पण कागदावर तसं काढून आण, पोरी. मी माझ्या मनानं करत नसतो. अन् चिपभोवती माया किती सोडायची तेबी लिही, शिंप्याला सांगतात तसं."

"उद्या सकाळी आणते, काका."

"उद्या गुरुवार. लाइट नसती इकडं."

गुरुवारी वीज नसल्याने इथली वर्कशॉप बंद असतात, हे स्नेहालाही माहीत होतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. म्हणून तुम्ही विचारा.

शुक्रवारी सकाळी मी नवं ड्रॉइंग नेलं, तेव्हा काकांनी सगळी कामं बाजूला ठेवून माझी डबी आधी घेतली. तरी हातात पडेपर्यंत दीड वाजला. पाषाणला पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. सरांनी डबीत चिप ठेवून पाहिली. अगदी नीट बसली. यंत्र मात्र बंद झालं होतं, आणि आत आमच्या तिघांतल्या सांगलीच्या मुलाची डबी होती. डिप्लोमा केलेला मुलगा. त्याच्या पहिल्याच ड्रॉइंगमध्ये ती चार भोकं होती. जागा त्याला मिळाली, आणि ते योग्यच झालं.

"वाचन झालंय तुमचं, ते दिसतं," निघताना सर म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. "पुढच्या वर्षी या. तोवर सहा महिने मशीनवर उभ्या राहा. गावात आयटीआय असेल ना?"

स्वारगेट येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले. मग उतरून मिसळ खाल्ली. आम्हा वैदर्भीयांना ती गोडसरच लागते, पण पोट भरतं.

पुणं कसं वाटलं, असं मैत्रिणी विचारतात. तुसडं वाटलं, आणि तरीही मला तिथेच परत जायचं आहे. ज्या दोन माणसांनी माझी चूक दाखवली त्यांनी ती कशी सुधारायची हेही सांगितलं, हे माझ्यासोबत घरी आलं.

बाबांना सांगणं सगळ्यात अवघड होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सोमवारी अर्धी रजा टाकून माझ्यासोबत आयटीआयमध्ये आले, दहावी झालेल्या मुलांच्या वडिलांमागे रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनाने माझा अर्ज वाचला. "पदवीधर? मग इकडे कायले?"

मी काही बोलायच्या आत बाबा खिडकीत वाकले.

"डिग्री हाय तिच्यापाशी, साहेब, पण थे धरू नका," ते म्हणाले. "पोरीले मशीन येत नाही. थे शिकवा."